अनुभव धागा: उपवासकाळात तुमच्या घरी मटणाखेरीज काय सुटलं?

वाडीतली_लेक

आज रविवारच्या मिस्सेनंतर फादरांनी सांगितलं, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या घरात असतील तर मंगळवारपर्यंत आणून द्या, बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्या दिवशी कपाळाला लावायची राख करायची आहे. घरी येऊन अल्तारावरच्या क्रुसामागे हात घातला तर गेल्या वर्षीची झावळी निघाली आणि तिच्याखाली अजून एक, बोटाएवढा विणलेला क्रूस, तपकिरी पडलेला, हात लावला तर तुटेल असा. पप्पांच्या हातचा. पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. मी तो हातात घेऊन कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभीच.

मग ते वर्ष आठवलं. मी पाचवीत असेन. आमची आणि काकांची विहीर सामायिक, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालेलं आणि तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. एकाच बांधावरून जायचं आणि मान दुसरीकडे. त्या उपवासकाळात पप्पांनी मटण सोडलं, ताडी सोडली, दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चौदाही स्थानं गुडघ्यावर. आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला उठलेच नाहीत. बाकावर बसून राहिले. मम्मीने घरी विचारलं तर म्हणाले, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर असं येशू सांगतो, मी कुठल्या तोंडाने जाऊ.

दोन दिवसांनी पहाटे मला उठवलं, बॅटरी धर म्हणाले. पाण्याची पाळी आमची होती. पप्पांनी इंजिन चालू केलं आणि फावड्याने पाटाचं तोंड काकांच्या वाडीकडे वळवलं. मला अजून दिसतं ते पाणी, पुढे फेस, फेसावर केळीचा सुका पाला आणि मुंग्या, आणि ते काकांच्या केळींच्या बुंध्याशी जाऊन थांबलं. आवाजाने काका बाहेर आले. दोघं जण पाण्याकडेच बघत उभे. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "डिझेल आहे ना पुरं?" पप्पा म्हणाले, "आहे."

एवढंच. ईस्टरला काकांच्या घरून डबा भरून इंदियाल आलं, आमचं सणाचं आंबटतिखट मांस.

तुमचेही लिहा ना. कॅथलिक, प्रोटेस्टंट, शेजारी, कोणीही. काय सोडलं त्यापेक्षा त्या दिवसांत वागण्यात काय बदललं ते वाचायचंय.

पापडीकर

ताई सकाळी सकाळी रडवलंत. "डिझेल आहे ना पुरं"!! आमच्याकडचे पुरुष माफी अशीच मागतात.

नगरची_सून

आम्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट. आमच्याकडे बहुतेक घरांत राख लावत नाहीत, पण लेंटचे (उपवासकाळाचे) चाळीस दिवस सासूबाई कडक पाळायच्या. त्यांचं एक होतं, भाकरीचं पीठ काढलं की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात. रोज दोन वेळा. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं एवढ्याशा पिठाने काय होणारे. उत्तम शुक्रवारपर्यंत (गुड फ्रायडे) डबा काय, पत्र्याचा पिंप अर्धा भरला होता! आणि तो पिंप चर्चमध्ये नाही जायचा, गल्लीतल्या एका बाईकडे जायचा जिच्याशी मंडळीतलं कोणी धड बोलत नव्हतं, कारण काय ते सांगत बसत नाही. सासूबाई स्वतः जायच्या, अंधार पडल्यावर, मला दारापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या तू बाहेर थांब, तिला दोघींसमोर लाज वाटेल. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात ते मी त्या दाराबाहेर उभी राहून शिकले. आता मीच करते, फक्त ज्वारीऐवजी गव्हाचं पीठ, मुलं भाकरी खात नाहीत.

मीनल_शेजारी

मी हिंदू आहे, लहानपण वसईत गेलं त्यामुळे चालेल ना लिहिलेलं? आज आमचा महाशिवरात्रीचा उपास आणि तुमचे बुधवारपासून, म्हणून मुद्दाम उघडला धागा. एक शंका कित्येक वर्षांची, शुक्रवारी मटण चालत नाही पण मासे कसे चालतात? आमच्या शेजारच्या आंटी शुक्रवारी पापलेट तळायच्या आणि वास आमच्या घरात, आम्ही वरणभात 😄

पापडीकर

@मीनल नियम असा की मांस नको, मासे चालतात. १४ वर्षांपुढच्यांनी शुक्रवारी मांस टाळायचं. आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोन दिवस खरा उपवास, एकच पूर्ण जेवण, तो १८ ते ५९ वयाला. बाकी दिवस ज्याने त्याने ठरवायचं. पण आजच्या भावाने पापलेट म्हणजे त्याग कसला, मटण स्वस्त पडेल. आमची आजी म्हणायची शुक्रवारी सुकट नाहीतर वाल, पापलेट खायचं असेल तर रविवारी खा.

सुकेळी

सुकटीवरून आठवलं, आगाशीच्या बाजारात आता चांगली सुकट मिळते का? मागच्या वेळी नुसती वाळू निघाली. बाकी धाग्यावर रात्री लिहिते, मुलाचा पेपर आहे उद्या.

कुवेतहून

मी इथे बारा वर्षं. या वर्षी रमजान आणि आपला उपवासकाळ अगदी एकत्रच आलाय. आमच्या इथे रविवार कामाचा म्हणून शुक्रवारच्या मिस्सेला तुडुंब गर्दी असते, उभं राहायला जागा नाही. मी सांगतो ते जुनं आहे, आलो तेव्हा खोलीत आम्ही चौघं, त्यात एक हैदराबादचा मुस्लिम भाऊ, आणि त्याचं माझं पटायचं नाही. मोरीवरून, फ्रिजवरून, कशावरूनही. रमजानात तो पहाटे उठायचा, भांड्यांचा आवाज, मी अंगावर ओरडायचो. मग घरी आईला फोनवर तक्रार केली तर आई म्हणाली तू लेंटमध्ये काय करतोस? म्हटलं चिकन सोडतो. म्हणाली चिकन खा आणि ओरडणं सोड.

पुढच्या वर्षी त्याच्या रमजानात मी पहाटेचा अलार्म लावला आणि त्याच्या आधी उठून चहा ठेवला. पहिल्या दिवशी तो दारातच उभा राहिला, त्याला वाटलं मी भांडायला उठलोय. शेवटपर्यंत केला चहा. तो आता हैदराबादला परत गेलाय, पण दर नाताळला त्याचा फोन येतो आणि आई गेली तेव्हा सगळ्यात आधी त्याचाच आला होता.

नगरची_सून

"चिकन खा आणि ओरडणं सोड" हे मी फ्रिजवर लावणार आहे. आईंना शांती मिळो दादा 🙏

बार्देशकर

आमच्या गोंयात ह्या दिवसांना करेज्म म्हणतात. आदल्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत इंत्रुज, म्हणजे तुम्ही कार्निव्हल म्हणता तो, आणि बुधवारी एकदम सगळं शांत. जुने लोक घरात गाणंसुद्धा लावत नसत, फक्त मोतेत, म्हणजे दुःखसहनाची भक्तिगीतं. गोवा वेल्हाला पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते, खांद्यावर एकेक संताची मूर्ती, लहानपणी आम्ही त्या मोजायचो आणि दर वेळी आकडा चुकायचा.

वागण्याचं म्हणाल तर माझी आजी. तिचं छोटं दुकान होतं, उधारीची वही असायची. करेज्माच्या शेवटच्या आठवड्यात ती वही घेऊन बसायची आणि काही पानं फाडायची. कुणाची ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आजोबा खूप रागवायचे, म्हणायचे धंदा बुडवणार. ती म्हणायची, आपण रोज म्हणतो ना आमची ऋणं माफ कर जसं आम्ही करतो, मग एकदा तरी करूया. ती पानं चुलीत जायची. दुकान काही बुडलं नाही, मामा चालवतो अजून.

जागरण_ड्यूटी

मी नर्स आहे, ब्रेकमध्ये लिहितेय, चुका समजून घ्या. मला तीन वर्षं कुठलाच उपवास जमला नाही कारण घरी आई अंथरुणाला होती आणि इकडे रात्रपाळी. गेल्या वर्षी उपवासकाळात पापनिवेदनाला गेले आणि सगळ्यात आधी तेच सांगितलं, उपवास नाही, क्रुसाची वाट नाही, शुक्रवारी समोर आलं ते खाल्लं, आईवर चिडले. फादर जरा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, तिला रोज कोण आंघोळ घालतं? म्हटलं मी. म्हणाले, पवित्र गुरुवारी आम्ही वर्षातून एकदा बारा जणांचे पाय धुतो, तेही आधीच स्वच्छ धुवून आलेले असतात. मला तिथेच हुंदका आला. त्या दिवसापासून आईचे पाय पुसताना टाचेच्या भेगांत व्हॅसलीन लावायचे तेव्हा घाई नाही केली, दहा मिनिटं तर दहा मिनिटं. आई नोव्हेंबरमध्ये गेली.

चला बेल वाजली.

वाडीतली_लेक

काय लिहू कळत नाही. ड्यूटी संपली की सांग, मी जागी आहे.

सुकेळी

🙏🙏 ताई काळजी घे. जेवलीस का?

फाट्यावरचा

२०२० चा उपवासकाळ कोण विसरेल? २६ फेब्रुवारीला राख लावली तेव्हा कोणाला कल्पना नव्हती आणि महिन्याभरात चर्चला कुलूप. मार्चच्या शेवटी अहमदाबाद हायवेवरून माणसं चालत निघालेली, डोक्यावर बोचकं, पोरं कडेवर. पोप फ्रान्सिस पावसात व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते तो २७ मार्चचा व्हिडिओ आम्ही सात-आठ जणांनी आपापल्या घरी पाहिला आणि रात्रीच ग्रुपवर ठरलं. वाडीतली केळी तशीही बाजारात जात नव्हती. घराघरातून केळी, चपात्या आणि बाटल्यांत पाणी भरून फाट्यावर. पोलिसांनी पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी त्यांनीच टेम्पोला वाट करून दिली.

एका बाईला मी चार केळी दिली तर तिने दोन परत केली, म्हणाली पीछे और लोग आ रहे हैं. पुढे काय बोलायचं तेच सुचेना. त्या वर्षी गुड फ्रायडेला, १० एप्रिलला, घरी मोबाईलवर उपासना पाहिली पण डोळ्यांसमोर तीच बाई.

केडगावकर

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी १२ ते ३ येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मोठ्या लोकांना बोलायला द्यायची पद्धत. एका वर्षी आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) "मला तहान लागली आहे" हा उद्गार वस्तीवर टँकर चालवणाऱ्या भावाला दिला. तो तीनच मिनिटं बोलला, म्हणाला मी रोज हे वाक्य ऐकतो, पण ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडून ऐकलं की टँकर पुढे नेतो, आजपासून नेणार नाही. संपलं. खाली बसला. आणि नेत नाही, मी शेजारी राहतो, बघतो.

आणि इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, केडगावची मुक्ती ही आश्रयसंस्था त्यांच्यामुळे उभी राहिली. त्या गेल्या ५ एप्रिल १९२२ ला, तेव्हाही उपवासकाळच चालू होता. या वर्षी (२०२६) ५ एप्रिलला ईस्टर आहे! आमचे वडील आम्हाला लेंटमध्ये एकदा तरी मुक्तीत न्यायचे, मोकळ्या हाताने कधीच नाही. जाताना रस्त्यात यशयाचा ५८ वा अध्याय म्हणायला लावायचे, भुकेल्याला आपलं अन्न वाटणं हाच मला पसंत असलेला उपवास, तो भाग. मला तो पाठ आहे तो पोत्यावर बसून, बैलगाडीत.

मीनल_शेजारी

किती सुंदर लिहिताय सगळे. मी फक्त माशांचं विचारायला आले होते. आता आंटींना फोन करते, दहा वर्षांत केला नाही. लेंटमध्ये लग्नंही करत नाहीत ना तुमच्यात? त्यांच्या मुलीचं कधी आहे विचारते.

पापडीकर

नाही करत, ईस्टरनंतर रांग लागते बघा, एकेका दिवशी तीन तीन आमंत्रणं. फोन नक्की करा.

वाडीतली_लेक

सगळ्यांचं वाचून झालं, दोनदा. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. पप्पा आणि काका दोघेही आता नाहीत, आणि त्याच बांधावरून माझा भाऊ आणि काकांचा मुलगा दीड वर्षं बोलत नाहीत. या वेळी पाणी नाही, गेटच्या रस्त्याचं आहे. आणि मीही भावाची बाजू घेऊन काकांच्या मुलाला ग्रुपवर वाटेल ते बोलले होते, सगळ्यांसमोर. तो लहानपणी माझ्याच सायकलवर मागे बसून शाळेत यायचा.

मघाशी त्याला त्या विणलेल्या क्रुसाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, पप्पांनी विणलेला सापडला, आणि ग्रुपवर मी तुला बोलले ते चुकलं, ग्रुपवरच माफी मागते. ग्रुपवरही टाकलं. पप्पांचा क्रूस राखेला देणार नाही, बाकीच्या झावळ्या मंगळवारी देईन.

निळ्या टिक आल्यात. उत्तर नाही अजून.

जागरण_ड्यूटी

ड्यूटी संपली. बसमध्ये आहे. ताई, आलं का उत्तर?

वाडीतली_लेक

"टायपिंग" दिसतंय मघापासून. तू जेवलीस का आधी ते सांग.