'डिस्गस्टिंग' नेमकं कशाला म्हणायचं?

इंग्रजीच्या बाई, हनुमाननगर

वीस वर्षं झाली शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीनं डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी. शेजारची नाक दाबून ओरडली, "ईऽऽ, डिस्गस्टिंग!" जिचा डबा होता तिनं झाकण लावलं. सुट्टी संपेपर्यंत ते परत उघडलं नाही.

मुलं हा शब्द कशालाही लावतात. कारलं डिस्गस्टिंग, होमवर्क डिस्गस्टिंग. पण त्याचा अर्थ 'आवडत नाही' एवढाच नव्हे. पोटात ढवळून येतं, शिसारी येते, बोटही लावावंसं वाटत नाही, तेव्हाचा हा शब्द. सडलेल्या अन्नाला लावा, उघड्या गटाराला लावा, नीच वागणुकीला लावा. दुसऱ्याच्या ताटाला आणि माणसाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

इतवारीकर

बाई, शब्द झिजतातच. इंग्रजीत धाक वाटावा अशा गोष्टीला एकेकाळी 'ऑफुल' म्हणत, आता नुसता पाऊस लागून राहिला तरी 'ऑफुल वेदर'. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतो, त्यात भय कुठं असतं? आणि मुळाशीच जायचं तर हा शब्द फ्रेंचातून इंग्रजीत आला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याच्या पोटात लॅटिन 'गुस्तुस' आहे, म्हणजे चव. चव रुचली नाही, बस. मग कारल्याला डिस्गस्टिंग म्हणणारं पोरगं तुमच्यापेक्षा मुळाच्या जवळ आहे. पोरांच्या तोंडावर पहारा काऊन बसवता?

इंग्रजीच्या बाई, हनुमाननगर

मूळ चवीचं खरं, पण शब्द तिथं थांबला नाही. 'भयंकर आवडलं' म्हटल्यावर कोणाच्या डब्याचं झाकण बंद होत नाही, हा फरक बघा.

दरवर्षी दोन-चार मुलं पेपरात लिहितात, 'आय ॲम डिस्गस्टिंग'. त्यांना म्हणायचं असतं 'मला किळस आली', आणि लिहून बसतात 'मी किळसवाणा आहे'. ज्याला किळस येते तो डिस्गस्टेड, ज्याची येते ते डिस्गस्टिंग. व्याकरणाची ही एवढीशी गोष्ट मी फळ्यावर जीव तोडून शिकवते, कारण सगळं त्यातच आहे. जीभ माझी, आवड माझी, आणि दोष मात्र पदार्थाच्या माथी. आपण घरी म्हणतो, 'मला नाही जात ते.' त्यात पदार्थाकडे बोट जात नाही.

मराठीचा मास्तर

बाई, तुमच्या बाजूनं आहे, पण मराठीला उगाच सोवळं नेसवू नका. किळसवाणं, ओंगळ, गलिच्छ, बीभत्स हे सगळे आपलेच शब्द, आणि सगळे समोरच्यालाच चिकटतात. 'घृणा' घ्या. संस्कृतात तिचा एक अर्थ दया. म्हणून ज्याला दया नाही तो निर्घृण. पेपरात 'निर्घृण खून' आजही छापून येतो. दुसरा अर्थ किळस. मराठीत सुटा शब्द वापरला की आता हा दुसराच कळतो, दया फक्त त्या 'निर्घृण'मध्ये उरली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

महालवाला

तुमची चर्चा चालू द्या, मी जिन्यातलं सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक वळणावर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. परवा आईनं आधारासाठी कठडा धरला तर हात ओल्या थुंकीत. तीनदा साबण लावला तिनं, रात्री जेवली नाही. याला मी काय म्हणू, 'मला नाही जात'? ज्या नाग नदीवरून शहराचं नाव पडलं तिच्यात आपण सांडपाणी सोडून राहिलो. किळस ही शरीराची राखण आहे. रोगापासून लांब ठेवायला ती माणसात आली, असं स्वच्छतेच्या अभ्यासक व्हॅलरी कर्टिस यांनी मांडलं होतं. मी थुंकीलाही डिस्गस्टिंग म्हणणार, थुंकणाऱ्यालाही.

दीक्षाभूमीजवळचा

दादा, थुंकीला म्हणा, थुंकण्याला म्हणा, मी तुमच्यासोबत आहे. माणसावर आलात की मात्र थांबा. चार्ल्स डार्विननं १८७२ साली स्वतःचाच एक अनुभव लिहिला. टिएरा डेल फ्युएगोत तो थंड टिकवलेलं मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशानं त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. इकडे डार्विनला, त्या उघड्या माणसानं आपल्या अन्नाला हात लावला याची किळस आली. त्याचे हात काही घाण दिसत नव्हते, हेही त्यानंच लिहून ठेवलं.

हात स्वच्छ आणि तरी किळस. माझ्या आजीनं हेच सोसलं. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या बाईचा चेहरा ती करून दाखवायची: नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला, मान बाजूला. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती इथं आली होती, माझे बाबा कडेवर. तुमच्या वर्गातल्या पोरीनं नाक दाबलं ना बाई, तो तोच चेहरा. कोणाच्या डब्यात काय आहे यावरून आपल्याकडे फार काही ठरत आलं आहे.

इतवारीकर

भाऊ, आजीचं वाचून गप्प झालो. तरी एक सांगतो. ती नाक दाबणारी पोरगी चौदा वर्षांची आहे. झिंग्यांचा वास तिनं कधी घेतला नसेल, तोंडातून निघून गेलं. तिच्या एका शब्दावर साऱ्या इतिहासाचं ओझं टाकणं मला पटत नाही. शब्द बंद केला तरी नाक दाबायचं राहते का?

इंग्रजीच्या बाई, हनुमाननगर

नाही राहत, हे मान्य. तिला मी रागावलेही नाही. बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की 'आय डोन्ट लाइक द स्मेल' म्हणता आलं असतं का. ती म्हणाली, "हो मॅम, पण सगळे तसंच म्हणतात."

आणि जिचा डबा होता, ती त्या दिवसापासून पोळी आणि जाम आणते आहे.