बाबांच्या एमआरआयमध्ये 'फाझेकास ग्रेड 2' आलंय, रडण्या-चिडण्याशी त्याचा संबंध असतो का?

मिरजेची_लेक
बाबा 71 वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. बीपी जुनं, गोळ्यांचा कंटाळा. वर्षभरात माणूस बदलला. आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतात आणि टीव्हीवर कुणाची पाठवणी लागली की हुंदके देतात. परवा रडून झाल्यावर मलाच म्हणाले, "वाईट काही वाटत नव्हतं गं, आपोआप आलं." आई म्हणते, नाटकं. एमआरआयमध्ये गाठ नाही, मोठा झटका नाही, फक्त व्हाइट मॅटरमध्ये, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमध्ये बदल, फाझेकास ग्रेड 2. डॉक्टर म्हणाले वयानं होतं, आणि पुढचा पेशंट आत आला.

फिल्मवाले_काका
रेडिओलॉजीत जन्म गेला, म्हणून लिहितो. फाझेकास ही 1987 सालची मोजपट्टी, 0 ते 3. मेंदूच्या आतल्या भागात रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्या बीपीनं जाड आणि अरुंद होतात, मग तिथल्या तंतूंना पुरेसं रक्त मिळत नाही आणि फिल्मवर पांढरे डाग दिसतात. सुटे ठिपके म्हणजे 1, एकमेकांत मिसळू लागले की 2.

आता रागाचं. भीती-संताप उसळतो तो कानशिलाच्या आत, अमिग्डालात. आवर घालतो कपाळामागचा भाग. दोघांना जोडणारा आकड्यासारखा वळलेला तंतूंचा जुडगा आहे, अन्सिनेट फॅसिक्युलस. बाबा कंडक्टर होते ना, त्यांना असं सांगा: घंटीची दोरी झिजली की कंडक्टरनं कितीही ओढली तरी ड्रायव्हरला ऐकू जात नाही. मात्र ग्रेड 2 असलेली शांत माणसंही मी ढिगानं पाहिलीत. डाग आहेत म्हणून राग येतो, हे एका माणसाच्या फिल्मवरून कुणीच सांगू शकत नाही. तंतूंची घडण मोजायची तर डीटीआय नावाचं वेगळं तंत्र लागतं, ते 1994 पासून आहे. पण त्याचे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असतात. बाबांसाठी त्यावर पैसे घालवू नका.

मला खरी महत्त्वाची वाटली ती "आपोआप आलं" ही ओळ. दुःख नसताना रडू फुटणं याला स्युडोबल्बर अफेक्ट म्हणतात. मेंदूच्या वरच्या भागाकडून ब्रेनस्टेमकडे, म्हणजे मेंदूच्या देठाकडे जाणारे तंतू दुखावले की असं होतं. नाटक नाही, आईंना सांगा. न्यूरोलॉजिस्टना हेच वाक्य जसंच्या तसं ऐकवा. डिप्रेशन आहे का तेही ते बघतील. दोन्हींवर औषधं आहेत.

रोज_अनुलोमविलोम
ध्यानानं व्हाइट मॅटर सुधारतं असं वाचलंय. गोळ्यांआधी ते करून बघा.

फिल्मवाले_काका
ते 2010 चं संशोधन. 11 तासांच्या ध्यानानंतर तंतूंमध्ये फरक दिसला, खरंय. पण ती तरणीताठी कॉलेजची पोरं होती हो! ध्यान करावं, हरकत नाही. "गोळ्यांआधी" एवढं मात्र खोडा. 2019 मध्ये स्प्रिंट-माइंड या बीपीवरच्या अभ्यासाचे आकडे आले: वरचं बीपी 120 च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात डाग चार वर्षांत सरासरी 0.92 घनसेंमी वाढले, 140 च्या खाली ठेवलेल्यांत 1.45. वाढ थांबली नाही, मंदावली. बाबांसाठी आकडा कोणता ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, चक्कर येऊन पडले तर भलतंच व्हायचं.

सासूबाईंची_सोबत
आमच्याकडे पक्षाघातानंतर हेच होतं. रडू आलं की जवळ घेऊन "काय झालं, काय झालं" करू नका, जास्त वाढतं. उठवून खिडकीशी न्यायचं, दीर्घ श्वास घ्यायला लावायचा, भलताच विषय काढायचा. आम्ही भिशीचा हिशेब विचारतो.

मिरजेची_लेक
आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण संध्याकाळची गोळी तिनंच हातावर ठेवली. गुरुवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळालीय. रिपोर्टचा कागद पुरेल ना?

फिल्मवाले_काका
सीडी पण न्या. आणि रडण्याचा एखादा व्हिडिओ असेल तर तोही, बाबांना विचारून.