नुसता आर६३.३ आता चालत नाही

मूल नीट खात नसेल तर सरळ आर६३.३ (आजारांच्या आयसीडी-१०-सीएम यादीतला ‘खाण्यातल्या अडचणीं’चा कोड) टाका, असा सल्ला काहीजण देतात. अमेरिकेच्या वैद्यकीय बिलांसाठी हे आता चालत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या कोडचे आर६३.३०, ३१, ३२ आणि ३९ असे चार भाग झालेत, नुसता आर६३.३ अपुरा ठरतो. ३१ आणि ३२ लहान मुलांच्या फीडिंग डिसऑर्डरचे, म्हणजे खाण्यापिण्याच्या विकाराचे. त्रास तीन महिन्यांच्या आतला असेल तर अ‍ॅक्यूट (३१), त्यापुढे क्रॉनिक (३२).

मी पुण्यात बसून याच बिलांसाठी रुग्णांच्या फायलींना कोड लावते. मागे दोन वर्षांच्या मुलाची एक आली होती. आई सांगत होती, सहा महिने झाले, घास तोंडातच धरून बसतो. डॉक्टरांनी मात्र फक्त ‘फीडिंग डिफिकल्टी’ लिहिलेलं. कालावधी दिसतोय म्हणून आपल्या मनाने ३२ टाकायचा नाही, निदान डॉक्टरांचंच हवं. मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशासाठी प्रश्न, पाठवली. उत्तरात क्रॉनिक फीडिंग डिसऑर्डर तर आलंच, शिवाय तोंडाच्या टप्प्यावरचा डिसफेजिया (गिळायला त्रास) नोंदवला गेला, म्हणून आर१३.११ सुद्धा जोडता आला. त्या लेकराच्या थेरपीसाठी ही नोंद फार गरजेची होती. बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल तर मात्र पी९२, म्हणजे नवजात बाळाच्या दूध पिण्याच्या अडचणींचे कोड, बघा.