सकाळच्या बोहनीला भाव पाडू नका

'सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्यापासून सुरुवात करा, नाही जमलं तर उठून चालू लागा' हा बाजारातल्या घासाघिशीचा सल्ला दुपारी ठीक आहे, पण व्हिएतनाममध्ये सकाळी-सकाळी नको. बोहनी तिथेही आहे! 'मो हांग' म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून तसंच गेलं की दिवस वाया, असा समज. काही दुकानदार तर त्याच्या पाठीमागे कागद जाळतात, आपण मीठ-मिरच्या ओवाळून टाकतो तसंच. आम्ही भिवापूरकडचे. आठवडी बाजारात आईच्या मिरचीच्या ढिगाशी बसून लहानपण गेलं. पहिलं गिऱ्हाईक पसाभर मिरच्या चिवडून निघून गेलं की ती जशी पाहायची, अगदी तसंच हानोईच्या डोंग स्वान बाजारातल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. काय करता, थोडं कमी करून घेतलाच स्कार्फ. महागच पडला असेल, असो.

आणि भाव ठरल्यावर नोट नीट पाहून द्या बापा. तिथली २० हजार डोंगची आणि ५ लाखांची, दोन्ही निळ्याच. घाईत २० हजारांऐवजी ५ लाखांची गेली, तर घासाघीस करून वाचवलेले पैसे तिथेच बुडाले.