चॅटनूगात राहून मुलीचं कॉलेज: यूटीसी, नॉक्सव्हिल की कम्युनिटी कॉलेज?

चाकणकर
नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी चाकणच्या फोक्सवॅगनमधून इथे टेनेसीत चॅटनूगाच्या प्लांटला आलो, आता एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. लेक पुढच्या महिन्यात बारावीला जाईल, १७ पूर्ण, कॉम्प्युटर सायन्स करायचंय. शिफ्टमधला एक जण म्हणतो टेनेसी प्रॉमिस या राज्याच्या योजनेत कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं फुकट, मग कशाला डोकं खाजवताय. बायको म्हणते घरी राहून यूटीसीला (इथलीच, युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसी अ‍ॅट चॅटनूगा) जाऊदे, गाडीने वीस मिनिटं, डबा पण नेईल. आणि लेकीला नॉक्सव्हिलची मोठी युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसीच हवीय, कारण विचारलं तर सांगत नाही पण कपाटात तिथल्या रंगाचे तीन केशरी टीशर्ट आहेत. आम्हाला इथलं काही कळत नाही हो, आपल्याकडे कसं सीईटी, कॅप राउंड, कटऑफ, लिस्ट लागली की विषय संपला. इथे नक्की बघायचं काय?

मिरजेची मावशी
दादा, कॉलेज नंतर बघा, आधी व्हिसा बघा. मुलगी एच-४ वर, म्हणजे तुमच्या व्हिसावर अवलंबून ना? मग टेनेसी प्रॉमिस विसरा, ते सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, त्याला फाफ्सा (फेडरल मदतीचा फॉर्म) भरावा लागतो आणि एच-४ वाल्यांना फेडरल मदत मिळत नाही. राज्याच्या होप स्कॉलरशिपचंही तेच, नाहीतर एसीटी या प्रवेश परीक्षेला २१ किंवा ३.० जीपीए एवढीच अट आहे, तुमच्या लेकीला डाव्या हाताचा मळ.

मग उरतो एकच प्रश्न, इन-स्टेट फी (राज्यातल्यांची कमी फी) लागते का. हे मात्र *लेखी* घ्या. आमच्या मोठ्याच्या वेळी एका कॉलेजातल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं की काळजी करू नका, इन-स्टेटच आहात, आणि ऑगस्टमध्ये बिल आलं ते आउट-ऑफ-स्टेटचं. नाव घेत नाही, पण ते बिल अजून फाइलीत आहे. दोन महिने लीज, टॅक्स रिटर्न, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद) असं गठ्ठाभर पाठवत बसलो तेव्हा सुटलं. प्रत्येक युनिव्हर्सिटीत रेसिडेन्सी ठरवणारं वेगळं डेस्क असतं, ईमेल त्यांना करा, अ‍ॅडमिशनवाल्यांना नको.

आणि दुसरं म्हणजे २१ वर्षं. पोरीची डिग्री संपायच्या आतच एच-४ संपणार, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा करावाच लागेल. तुमची ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर एफ-१ मागताना भानगड होऊ शकते, वकिलाला आत्ताच विचारा, ऐन वेळी नको.

पुलावरचा_जोशी
काका मी यूटीसीतूनच सीएस केलं, दोन वर्षं झाली. कॅम्पस अगदी गावात आहे, लेक्चर संपलं की चालत नदीवर, वॉलनट स्ट्रीट ब्रिज ओलांडायचा (१८९० चा पूल, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी), पलीकडे आइस्क्रीम, परत लॅबला. विद्यार्थी नॉक्सव्हिलच्या मानाने खूपच कमी, त्यामुळे तिसऱ्या वर्षी सर नावाने हाक मारायचे आणि प्रोजेक्टवर घ्यायचे. सायबर सिक्युरिटीला एनएसएची (अमेरिकी सरकारची गुप्तचर संस्था) मान्यता आहे ते पण बघा. शहरात २०१० पासून घराघरात गिगाबिट फायबर, वीज कंपनीनेच टाकलंय. ब्लूक्रॉस (टेनेसीची) आणि युनम या दोन्ही विमा कंपन्यांची हेड ऑफिसं इथेच आहेत, इंटर्नशिप तिकडे बघायच्या.

पण खरं सांगू का, मी पहिलं वर्ष घरून गेलो आणि ती चूक होती. गाडी, लेक्चर, गाडी, आईची पोळी, झोप. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलला गेलो तेव्हा कुठे मित्र झाले. काकूंना सांगा डबा शनिवारी द्या. आणि इंटर्नशिप मी ग्रीन कार्डवर केली, एच-४ वर पगार घेता येत नाही, कॅम्पसवर लायब्ररीत बसायची नोकरी पण नाही.

हंट्सव्हिलवाला
त्यासाठीच बरेच जण मुद्दाम लवकर एफ-१ करतात, मग कॅम्पसवर काम, सीपीटी (शिकताना विषयातलं काम), नंतर ओपीटी (विषयातली नोकरी) १२ महिने आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय असेल तर वर २४. पण एफ-१ झाल्यावर इन-स्टेट राहते का ते आधी विचारा नाहीतर एका हाताने मिळालं आणि दुसऱ्या हाताने गेलं.

आमच्या यूएएचला (युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा इन हंट्सव्हिल) पण अर्ज टाका, तुमच्याकडून दोन तास (घड्याळ एक तास मागे करा, आम्ही सेंट्रलमध्ये). मेरिट स्कॉलरशिप मार्कांवर, बाहेरच्या राज्यातल्या पोरांना पण देतात, तिथे फाफ्सा आड येत नाही. एक खोच आहे पण. इथे नासाचं मार्शल स्पेस सेंटर, लष्कराचं रेडस्टोन आर्सेनल, रॉकेट बघून पोरं हरखतात, आणि त्यातली बरीच कामं फक्त सिटिझनना. माझ्या भाच्याला जॉब फेअरमध्ये पहिल्या सहा टेबलांवर पहिला प्रश्न तोच विचारला, सातव्या टेबलावर त्याने स्वतःच आधी सांगून टाकलं.

चाकणकर
बापरे. मावशी, तुम्ही आधी भेटला असतात तर. आज वकिलाला मेल टाकला, यूटीसी आणि नॉक्सव्हिल दोन्हीकडच्या रेसिडेन्सी ऑफिसला पण. अजून एक, जवळच्या कॉलेजडेलचं सदर्न अ‍ॅडव्हेंटिस्ट कॉलेज कोणी सुचवलंय, बायको म्हणते तिथे मेस पूर्ण शाकाहारी आहे म्हणे, खरं का?

मिरजेची मावशी
खरंय, मांस मिळतच नाही. पण ते चर्चचं कॉलेज आहे, शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत सगळा अभ्यास-कामधंदा बंद, आणि नियम कडक. खासगी आहे, म्हणजे इन-स्टेटचा प्रश्नच नाही, सगळ्यांना फी सारखी. मुलीला घेऊन एकदा बघून या, मेसमध्ये जेवा पण. बायकोला आवडेल, मुलीचं माहीत नाही.

चाकणकर
लेकीला हा धागा दाखवला. सगळं वाचलं आणि म्हणाली हॉस्टेलवाला मुद्दा आईला तूच वाचून दाखव. नॉक्सव्हिलची टूर बुक केलीय, १८० किलोमीटर, सकाळी सातला निघू. बायको तिकडच्या रस्त्यावर इडली कुठे मिळेल ते शोधतेय.