‘५ने कमी’ आणि ‘५पेक्षा कमी’: रोजच्या बोलण्याची बैजिक राशी कशी करायची?

विचारणा

मुलगी सातवीत आहे. बैजिक राशींसाठी तिला शिकवणीत एक तक्ता दिलाय. जास्त, एकूण, मिळून म्हणजे अधिक. कमी, उरले, फरक म्हणजे वजा. पट, प्रत्येकी म्हणजे गुणिले. वाटले म्हणजे भागिले. तक्ता तोंडपाठ आहे. तरी ‘एका संख्येपेक्षा ५ने कमी’ याला ती कधी क्ष − ५ लिहिते, कधी ५ − क्ष. आणि ‘ती संख्या ५पेक्षा कमी आहे’ यालाही क्ष − ५च. या शब्दांचे अर्थ तिला नीट कसे सांगावेत?

प्रतिसाद

ताई, तो तक्ता आधी बाजूला ठेवा. मराठीत चिन्ह कुठलं हे नुसत्या शब्दावरून कळत नाही, प्रत्ययावरून कळतं. तुमच्या मुलीचं अडलंय ते नेमकं तिथेच.

तुम्ही दिलेलीच दोन वाक्यं घ्या. ‘५ने कमी’ यातला ‘ने’ फरक केवढा ते सांगतो आणि ‘पेक्षा’ कुणाशी तुलना चाललीय ते सांगतो. ‘संख्येपेक्षा ५ने कमी’ म्हणजे संख्येपासून निघालो आणि ५ घरं मागे आलो: क्ष − ५. ‘५पेक्षा कमी’ या वाक्यात ‘ने’ नाहीच, म्हणजे फरक किती ते सांगितलेलंच नाही. तिथे तुलना ५शी आहे, म्हणून ती राशी नसून असमानता झाली: क्ष < ५. मुलीला दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचायला सांगा आणि ‘पेक्षा’ कुणाला चिकटलंय ते विचारा. जे ‘पेक्षा’च्या आधी, तिथून सुरुवात करायची.

वजाबाकीत हेच काम ‘मधून’ करतं. ‘२०मधून एक संख्या वजा केली’ म्हणजे २० − क्ष, ‘एका संख्येतून २० वजा केले’ म्हणजे क्ष − २०. भागाकारात ‘ला’ आणि ‘ने’ यांची जोडी. ‘१२ला एका संख्येने भागा’ म्हणा की ‘एका संख्येने १२ला भागा’ म्हणा, उत्तर १२/क्षच. शब्दांची जागा बदलली तरी प्रत्यय आपापल्या शब्दाला धरून आहेत, म्हणून अर्थ हलत नाही. मराठी मुलांना ही मोठी सोय आहे आणि ती त्यांना कुणी दाखवून देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्ता कुठे फसवतो तेही दाखवा. ‘राधाकडे क्ष गोट्या आहेत. मीनापेक्षा तिच्याकडे ५ जास्त आहेत. मीनाकडे किती?’ वाक्यात ‘जास्त’ आहे आणि उत्तर क्ष − ५. ‘प्रत्येकी’चंही तसंच. क्ष मुलांना प्रत्येकी ४ लाडू दिले तर लाडू लागले ४क्ष. ६० लाडू क्ष मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकी ६०/क्ष. शब्द एकच, एकदा गुणाकार, एकदा भागाकार.

प्रतिसाद

वरचं पटलं. पण ‘पट’चं काय करायचं? ‘दुप्पट झाले’ म्हणजे २क्ष, यात वाद नाही. वर्तमानपत्रात मात्र ‘भाव दुपटीने वाढले’ असं येतं. वाढ दुपटीची म्हटली तर जुना क्ष आणि वर २क्ष, एकूण ३क्ष व्हायला हवेत. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा २क्षच असतात.

प्रतिसाद

बोलण्यात ‘दुपटीने वाढले’ चालू द्यावं, ऐकणारा समजून घेतो. गणिताच्या प्रश्नात मात्र ते येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न काढणाऱ्यांनी ‘तिप्पट’ किंवा ‘तिपटीपेक्षा ४ने कमी’ असंच लिहावं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ने कमी: ३क्ष − ४. इथे शंकेला जागाच उरत नाही.

टक्क्यांतही ‘ने’कडे लक्ष हवं. ‘भाव २० टक्क्यांनी उतरला’ म्हणजे ०.८क्ष, ‘भाव २० टक्क्यांवर आला’ म्हणजे ०.२क्ष. मुलांना हा फरक लवकर कळत नाही, कारण उदाहरणात नेहमी निम्मं घेतात. ‘निम्म्याने कमी’ आणि ‘निम्मे’ यांचं उत्तर एकच येतं, क्ष/२. त्याऐवजी तिसरा हिस्सा घ्या. ‘तिसऱ्या हिश्श्याने कमी’ म्हणजे २क्ष/३ उरले, ‘तिसरा हिस्सा’ म्हणजे क्ष/३. फरक लगेच उघडा पडतो.

प्रतिसाद

आमचं किराणा दुकान आहे, म्हणून थोडी भर घालतो. आपल्या बोलण्यात राशी आधीपासूनच मुरलेल्या आहेत. ‘पावणे’ म्हणजे पुढच्या आकड्यातून पाव वजा: क्ष − १/४. ‘साडे’ म्हणजे क्ष + १/२, ‘सव्वा’ म्हणजे क्ष + १/४. पुढे ‘शे’ लागलं की अख्ख्याला शंभराने गुणायचं. पावणेदोनशे म्हणजे १००(२ − १/४), म्हणजे १७५. पावणेआठ हजार म्हणजे ७,७५०. इथे कंस लागतोच, कारण आधी पाव काढायचा आणि मग गुणायचं. लहान मुलंही हे अचूक करतात. एकोणपन्नासमध्येही तेच आहे, पन्नासला एक उणा.

व्याजाचं ‘द.सा.द.शे.’ तर पूर्ण सूत्रच. दर साल म्हणजे वर्षांनी गुणा, दर शेकडा म्हणजे शंभराने भागा. मुद्दल म, दर र आणि वर्षं न धरली की सरळव्याज मरन/१००. पूर्वी धान्य उसनं घेत ते सवाईने किंवा दिढीने परत करत, म्हणजे १.२५क्ष किंवा १.५क्ष.

प्रतिसाद

छान भर घातलीत. अज्ञात संख्येला नाव देण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हटलंय, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना त्याचं आद्याक्षर ‘या’ घेत आणि सुट्या संख्येला ‘रू’ लावत. २क्ष + ३ हे ‘या २ रू ३’ असं लिहिलं जाई. अज्ञात एकाहून जास्त असले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे.

विचारणा करणाऱ्या ताई

‘पेक्षा’ आणि ‘मधून’ आता तिला जमतंय. कंस मात्र अजून चुकतो. ‘क्ष आणि ३ यांच्या बेरजेची दुप्पट’ याला ती २क्ष + ३ लिहिते.

प्रतिसाद

तिथे ‘यांच्या’ हा शब्द कंसाचं काम करतो. ‘यांच्या’ने आधीचे दोघे एकत्र बांधले, त्यांची बेरीज केली आणि मग त्या सगळ्याची दुप्पट: २(क्ष + ३). ‘क्षची दुप्पट आणि ३ यांची बेरीज’ म्हटलं तर दुप्पट आधीच उरकली, बेरीज शेवटी: २क्ष + ३. तिला वाक्याच्या शेवटाकडून सुरुवात करायला सांगा. शेवटचा शब्द ‘दुप्पट’ असेल तर गुणाकार सर्वांत शेवटी, म्हणजे आधीचं सगळं कंसात. शेवटचा शब्द ‘बेरीज’ असेल तर बाहेरचं चिन्ह अधिक.

कंस बोलण्यात लपतो त्याचं रोजचं उदाहरण रिक्षाच्या भाड्यात आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईत लागू झालेला दर: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढच्या दर किलोमीटरला १७.१४ रुपये. एकूण अंतर क्ष किलोमीटर आणि ते दीडपेक्षा जास्त. मुलं पटकन २६ + १७.१४क्ष लिहितात, कारण वाक्यात ‘वजा’ किंवा ‘कमी’ असा शब्दच नाही. वजाबाकी आहे ती ‘पुढच्या’ या शब्दात. दीड किलोमीटरचे पैसे आधीच दिले, उरलं क्ष − १.५, म्हणून भाडं २६ + १७.१४(क्ष − १.५). क्षच्या जागी ३.५ घालून बघा: २६ + ३४.२८, म्हणजे ६०.२८, पूर्ण रुपयांत ६०. कंसाशिवाय केलं तर ८५.९९ येतात, दीड किलोमीटरचे पैसे दोनदा मोजल्यामुळे. हे गणित तिला करायला द्या, पण आधी भाड्याचं वाक्य तिला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.