सातव्या महिन्यात वडील गेले. बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का?

अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. बाबा तीन आठवडे आयसीयूत होते, गेल्या सोमवारी गेले. रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. मी रडले की बाळ एकदम गप्प होतं असं वाटतं. मग पोटावर हात ठेवून त्याची लाथ येईपर्यंत बसून राहते. माझ्या रडण्याने त्याचा स्वभाव बिघडेल का? खरं सांगा.

उत्तर १
ताई, आधी एक: हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.
ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, पण वारेतलं (प्लॅसेंटातलं) एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्क्रिय करून टाकतं. ताण फार तीव्र आणि लांबलेला असेल तर ही गाळणी ढिली पडू शकते. १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकला बर्फाच्या वादळाने लाखो घरांची वीज गेली. तेव्हा गरोदर असलेल्यांच्या मुलांचा संशोधक सुझान किंग यांच्या गटाने वर्षानुवर्षं अभ्यास केला. जास्त हाल सोसलेल्या आयांच्या मुलांना भाषेच्या चाचण्यांत सरासरी कमी गुण होते. सरासरी! एकेका मुलाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. शिवाय मेंदू जन्मानंतरही घडत राहतो, जवळ घेण्याने, बोलण्याने.

उत्तर २
माझा भाऊ गेला तेव्हा मला सहावा महिना होता. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, भारी बडबडी. रडू दाबू नका. झोप मात्र डॉक्टरांशी बोलाच, मी उशीर केला होता.

प्रश्नकर्ती
आत्ताच फोन केला. तपासायला बोलावलंय, निघते.